लॅग स्क्रू: दाब भोकातून येतो

घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं फिब्युला हाड तिरकं तुटलं, की ३.५ मिमीचा एक कॉर्टिकल स्क्रू दोन्ही तुकडे एकमेकांवर घट्ट दाबू शकतो. मात्र आटे दोन्ही तुकड्यांत धरले, तर स्क्रू कितीही आवळा, मधली फट तेवढीच राहते. अलीकडच्या तुकड्यात स्क्रू सैल सरकला पाहिजे आणि आटे फक्त पलीकडच्या तुकड्यात धरले पाहिजेत. असा घातलेला स्क्रू म्हणजे लॅग स्क्रू. फळीला फळी जोडताना वरच्या फळीचं भोक मोठं ठेवतात, ते याचसाठी.

आधी तुकडे जुळवून क्लॅम्पने धरायचे. स्क्रू फट ओढणार नाही, जुळलेली फट दाबणार आहे. मग अलीकडच्या कवचात (हाडाच्या टणक बाहेरच्या थरात) ३.५ मिमीचं भोक, त्यात स्लीव्ह (ड्रिलला दिशा देणारी नळी) बसवून पलीकडच्या कवचात २.५ मिमीचं. स्लीव्ह टाळली तर दोन भोकं एका रेषेत येत नाहीत आणि आवळताना जुळवलेलं हाड हलतं. स्क्रूची दिशा फ्रॅक्चरच्या प्रतलाला काटकोनात हवी. तिरकी गेली तर दाबाबरोबर तुकडे घसरतात.

ड्रिल बिट धारदार असावा, सलाईनची धार चालू असावी. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी भोकाभोवतीच्या पेशी मरू शकतात, आणि तिथे स्क्रू पुढे सैल होतो. बोथट बिट वापरून वर जोर लावणं ही सरळ सरळ हाडाची हानी आहे.

स्क्रूचं डोकं नीट बसावं म्हणून काउंटरसिंक करायचं, म्हणजे भोकाच्या तोंडाशी खोलगट जागा कोरायची, पण हलक्या हाताने. फिब्युलाचं कवच खाली पातळ होत जातं. जास्त खरवडलं तर डोकं आतच बुडतं. लांबी काउंटरसिंकनंतरच मोजायची, आधी मोजली तर स्क्रू लांब भरतो. समोरून मागे घातलेल्या स्क्रूचं टोक उगीच लांब राहिलं, तर मागच्या पेरोनियल कंडरांना घासतं. सेल्फ-टॅपिंग, म्हणजे स्वतःच आटे पाडत जाणाऱ्या स्क्रूच्या टोकाशी आटे पूर्ण नसतात, म्हणून त्याला मात्र साधारण २ मिमी जास्त द्यावे लागतात. साधा स्क्रू असेल तर पलीकडच्या कवचात आधी टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायचा.

शेवटचे वेढे दोन बोटांच्या जोरावर. ठिसूळ हाडात आणखी अर्धा वेढा दिला आणि स्क्रू गरगर फिरू लागला, की आटे गेले. तोच स्क्रू परत घट्ट होत नाही. अशा वेळी त्याच भोकात ४ मिमीचा कॅन्सेलस (मऊ, जाळीदार हाडासाठीचा) स्क्रू बहुतेकदा पकड देतो. त्याचे आटे रुंद आणि खोल असतात. त्यात अर्धे आटे असलेला निवडला, तर सगळे आटे फटीच्या पलीकडे गेलेत ना, हे सी-आर्मवर (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्रावर) पाहावं. एखादा आटा जरी फटीत अडकला तरी दाब येत नाही.

एकटा लॅग स्क्रू वाकणं आणि पीळ सोसत नाही, म्हणून वर प्लेट लागते. ती लॉकिंग असेल तर क्रम चुकवू नये: आधी लॅग, मग लॉक. लॉकिंग स्क्रूचं डोकं प्लेटमध्ये आट्यांनी अडकतं, त्यामुळे फट आहे तशीच जखडली जाते. नंतर घातलेल्या लॅग स्क्रूला ओढायला काही उरत नाही.