भिंतीतला खाडा

मी शिकागोत जुन्या घरांच्या रिनोव्हेशनची कामं करतो. मूळचा कोल्हापूरचा, वडील फर्निचरच्या कारखान्यात रोजंदारीवर सुतार होते, त्यामुळे रंधा, पटाशी, गुण्या, ओळंबा हे सगळं लहानपणापासून हाताखालचं. मागच्या जानेवारीत अँडरसनव्हिलला फॉस्टर अव्हेन्यूजवळ एका दुमजली लाकडी घराचं काम चालू होतं, त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे.

घर 1888 चं. हा भाग तेव्हा शिकागोत नव्हताच, लेक व्ह्यू नावाचं वेगळं गाव होतं, 1889 ला शहरात आलं. आणि यालाच महत्त्व आहे, कारण 1871 च्या ऑक्टोबरमधल्या त्या मोठ्या आगीत लाखभर लोक बेघर झाले, नदीच्या उत्तरेची स्वीडिश वस्ती पण जळाली, आणि 1874 ला परत आग लागल्यावर शहराच्या हद्दीत लाकडी घर बांधायलाच बंदी आली. विटांचं घर कुठल्या मजुराला परवडणार? मग लोक हद्दीबाहेर सरकत गेले, त्यात स्वीडिश खूप. तिकडे स्वीडनमध्ये 1867-68 ला पिकं बुडाली, उपासमार झाली, तेव्हापासून लोंढेच्या लोंढे निघाले होते, योटेबोरी बंदरातून बोटीने इंग्लंडातल्या हल बंदरात, तिथून रेल्वेने लिव्हरपूल, परत बोट, मग न्यूयॉर्क, मग आगगाडीने इथे. 1900 पर्यंत मुलाबाळांसकट दीड लाखाच्या आसपास झाले, स्टॉकहोमखालोखाल स्वीडिश लोक या शहरात होते. त्यातले कितीतरी सुतार आणि गवंडी. शिकागो स्वीडिश लोकांनी बांधलं असं इथले जुने लोक अजून म्हणतात, आणि मी रोज त्यांच्या भिंती उघडतो म्हणून सांगतो, खरंच आहे ते.

तर त्या दिवशी बाहेर उणे पंधरा, आणि आम्ही जिन्याशेजारची भिंत उघडत होतो. जुन्या घरात बारीक लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा असतो, तो काढला की धुळीने काही दिसत नाही. या घरांची पद्धत अशी की उभे खांब खालच्या पायापट्टीपासून थेट छपरापर्यंत अखंड जातात, मधे मजल्यापाशी काही अडसर नाही. बांधायला झटपट आणि स्वस्त, पण आग लागली की त्या पोकळीतून धुराड्यासारखी वर चढते. म्हणून भिंत उघडली की प्रत्येक गाळ्यात आडवे ठोकळे बसवणं हे आमचं पहिलं काम.

तेच करताना एका खांबावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. आधी वाटलं मापं असतील, सुतार लिहितातच. पण सहा ओळी होत्या, प्रत्येकीच्या सुरुवातीला दोन अक्षरं, पुढे 10, फक्त चौथ्या ओळीपुढे शून्य आणि चार अक्षरांचा एक शब्द. खाली बेरीज 50. नाव नाही, सही नाही. माझ्याबरोबरच्या पोलिश सुताराने त्याच खांबाला लेव्हल लावली, बुडबुडा बरोब्बर मधोमध. एवढी वर्षं झाली आणि खांब अजून ओळंब्यात!

दुपारी फोटो घेऊन क्लार्क स्ट्रीटवरच्या स्वीडिश अमेरिकन म्युझियममध्ये गेलो. तिथल्या एका वयस्कर बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि लगेच वाचलं, सोमवार ते शनिवार, आणि गुरुवारपुढे लिहिलंय "शूक", म्हणजे आजारी.

मी तिथेच उभा राहिलो. तो माणूस हिशोब ठेवत होता! याच शहरात 1886 च्या मे महिन्यात आठ तासांसाठी संप झाले, हेमार्केट चौकात माणसं मेली, आणि दोन वर्षांनी हा आपला दहा-दहा तास मांडतोय. कॉन्ट्रॅक्टरने आठवड्याचे पैसे देताना घोळ घालू नये म्हणून असेल, किंवा बायकोला सांगायला. आजारी पडला त्या दिवसाचा रोज गेला, तेव्हा पगारी रजा वगैरे कुठली. शुक्रवारी परत दहा तास, एका दिवसात बरा झाला असेल असं मला वाटत नाही.

घरमालकिणीला सगळं सांगितलं. खांब काढता येत नव्हता, वरच्या मजल्याचा भार त्याच्यावर. तिने बराच वेळ हात फिरवला त्या अक्षरांवरून आणि म्हणाली, राहू दे तिथेच. फोटो फ्रेम करून जिन्यात लावते म्हणाली. ठोकळे बसवले, ड्रायवॉल लावून भिंत बंद केली.

रात्री आईला फोन केला. तिकडे सकाळ होती. विचारलं, तू कालनिर्णयवर बाबांचे खाडे लिहायचीस ना गं, दुधाच्या खाड्यांशेजारी? म्हणाली, हो, तांबड्या पेनाने बाबांचे, निळ्याने दुधाचे. मग त्यांना टायफॉइड झाला तो महिना विचारला. आई जरा वेळ गप्प बसली.

"एकोणीस खाडे होते रे त्यांचे," म्हणाली, "आणि दुधाचे बावीस."