हेडफोनची वायर कापण्याआधी मल्टीमीटर लावा

एका कानात आवाज येत नाही. पिन फिरवून धरली की येतो, सोडली की जातो. अशा हेडफोनचा स्पीकर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. तुटलेली असते ती पिनेजवळच्या दोन-तीन सेंटिमीटरांतली एखादी तार. वायर जिथे कडक प्लॅस्टिकमधून बाहेर येते तिथेच ती रोज मुडपते, आणि तांबं एकाच जागी वाकत राहिलं की तुटतंच. म्हणून हेडफोन फेकू नका. आणि लगेच कटरही हातात घेऊ नका, कारण न मोजता कापलेली वायर फक्त आखूड होते, बिघाड तिथेच राहतो.

आधी फोनवरचा संशय फेडून घ्या. तोच हेडफोन दुसऱ्या फोनला लावा, दुसरा हेडफोन आपल्या फोनला लावा. सॉकेटमध्ये खिशातला कापूस दाबून बसला की पिन पूर्ण आत जात नाही आणि एक कान मुका होतो. तो बोळा लाकडी टूथपिकने अलगद काढा. सुई घातली तर आतल्या पत्त्या वाकतात. अँड्रॉइड फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची एक पट्टी असते, ती एका टोकाला सरकलेली नाही ना तेही बघा.

आता पिन नीट बघा. दोन काळ्या रिंगा म्हणजे तीन भाग: टोक डाव्या कानाचं, मधला भाग उजव्याचा, मागचा मोठा भाग कॉमन, म्हणजे दोन्ही कानांचा सामायिक. तीन काळ्या रिंगा असतील तर माईकची चौथी जोडणीही आहे. हल्लीच्या फोनांत टोकापासून डावा, उजवा, कॉमन, माईक असा क्रम असतो, याला सीटीआयए म्हणतात. जुन्या काही हेडसेटांत शेवटचे दोन उलटे, तो ओएमटीपी. असा जुना हेडसेट नव्या फोनला लावला की गाण्यातला गाणाऱ्याचा आवाज गायब होतो आणि वाद्यं लांबून, पोकळ वाजल्यासारखी येतात. तेव्हा माईकचं बटण दाबून धरा. दाबल्यावर आवाज भरून आला तर हेडसेट चांगला आहे, फक्त जोडणीचा क्रम जुळत नाही. बटण माईक आणि कॉमन एकमेकांना जोडतं, म्हणून तेवढ्यापुरता फोनचा कॉमन हेडसेटच्या कॉमनला मिळतो. यावर उपाय म्हणजे क्रम बदलणारा अडॅप्टर किंवा नवी पिन. बाकी काही उघडायची गरज नाही.

मोजायला साधा पिवळा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. तो २०० ओहमवर ठेवा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. जो आकडा दिसेल, साधारण अर्ध्या ओहमच्या आसपास, तो प्रोबच्या वायरींचा. पुढच्या प्रत्येक मोजणीतून तो वजा करा. आता पिनेवर तीन मोजण्या घ्या: टोक ते कॉमन, मधला भाग ते कॉमन, टोक ते मधला भाग. ३२ ओहमच्या हेडफोनला पहिल्या दोन ३२ च्या जवळपास यायला हव्यात, आणि तिसरी ६४ च्या जवळपास, कारण तेव्हा दोन्ही स्पीकर कॉमनमधून एकापुढे एक येतात. १६ ओहमच्या इअरफोनला १६, १६, ३२. स्टुडिओतल्या २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला मीटर २००० वर न्यावा लागतो. हे सगळं वायरवाल्या साध्या हेडफोनचं. ब्लूटूथ किंवा नॉइज कॅन्सलिंगवाल्यात मधे सर्किट असतं, तिथे हे आकडे लागू होत नाहीत.

टोक ते कॉमन मोजताना डिस्प्लेच्या डाव्या कडेला नुसता १ राहिला तर डावी तार तुटलीय किंवा डाव्या स्पीकरची कॉइल गेलीय. पहिल्या दोन मोजण्यांत काहीच येत नाही, पण तिसरीत ६४ येतात, तर दोन्ही स्पीकर चांगले आहेत आणि कॉमन तुटलाय. आवाजही तसाच ऐकू येतो, वर सांगितलेला पोकळ, बिनगायकाचा. पुष्कळ लोक असा हेडफोन ‘स्पीकर गेला’ म्हणून टाकून देतात, आणि त्यात जायबंदी झालेली असते एक तार. आकडा शून्याजवळ आला तर पिनेत दोन तारा एकमेकींना टेकल्यात. असा हेडफोन दुरुस्त होईपर्यंत फोनला लावू नका.

तुटलेली जागा शोधायची तर प्रोब पिनेवर चिमट्याने धरून ठेवा आणि वायर दोन-दोन सेंटिमीटर वाकवत वर जा. जिथे आकडा उड्या मारतो तिथे तार तुटलीय. पिनेजवळ, मग वाय-जोडापाशी, म्हणजे वायर दोन कानांसाठी फुटते तिथे, मग माईकच्या डबीपाशी, शेवटी कानाच्या कपात वायर शिरते तिथे. वाकवून काहीच कळलं नाही तर पिनेपासून तीन सेंटिमीटरवर वायर कापा, टोकं सोला, तारांवरचा इनॅमलचा थर काढा (कसा ते पुढे येतंय) आणि तिथून वरच्या बाजूला मोजा. आकडे बरोबर आले तर बिघाड कापलेल्या तुकड्यात होता.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा लेथवर काम करणाऱ्यांच्या हेडफोनमध्ये वेगळाच त्रास असतो. आकडे बरोबर, तरी एक कान खरखरतो. स्पीकरच्या मागे मॅग्नेट असतो आणि लोखंडाचा बारीक कीस जाळीतून थेट त्याच्याकडे ओढला जातो, पडद्यावर बसतो आणि पडदा हलला की खरखरतो. पॅड काढून, चिकटपट्टीचा तुकडा बोटावर उलटा गुंडाळून तो कीस टिपून घ्या. फुंकर मारू नका, कीस आणखी आत जातो.

वायर बदलायचीच असेल तर सामान थोडं लागतं. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ०.८ मिलिमीटरची ६०/४० सोल्डर, रोझिन फ्लक्सची छोटी डबी, दोन-तीन मापांची हीट श्रिंक स्लीव्ह, आणि ३.५ मिलिमीटरची मेटलची, स्क्रूचं टोपण असलेली पिन. माईक हवा असेल तर चार भागांची पिन आणि चार कोरची वायर, नको असेल तर तीन-तीन. वायर मऊ हवी. माईकची जाड शील्डेड केबल डोक्यावर ओझं होते आणि कपावर ताण देते. निपाणीत मागा की बेळगावच्या खडेबाजारात, मराठीत मागा की कन्नडमध्ये, पिनेला सगळीकडे पिनच म्हणतात. फक्त टोपणाच्या मागच्या छिद्रातून आपली वायर जाते का ते दुकानातच घालून बघा.

आयर्नबद्दल एक गोष्ट. चिकोडीकडच्या गावांत उसाला पाणी पाजायच्या मोटारी सुरू झाल्या की लाईटचा दाब उतरतो. २३० व्होल्टवर २५ वॅटचं आयर्न १८० व्होल्टवर जेमतेम १५ वॅटचं उरतं, कारण वॅट व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. सोल्डर मग वितळते खरी, पण पसरत नाही. राखाडी, दाणेदार गोळी बसते आणि तीच आठ दिवसांनी सुटते. मोटारी बंद असतील तेव्हा हे काम करा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते तारेवरच्या थराशी. हेडफोनच्या आतल्या तारा लाल, हिरव्या, तांबूस दिसतात. दिसायला त्या उघड्याच, खरं प्रत्येक केसाएवढ्या तारेवर इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या वार्निशसारखा थर असतो. रंग त्या थराचा. त्यावर सोल्डर टेकवली की अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी ओघळून जाते. थर काढायला आयर्नच्या टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब घ्या, तारेचं टोक फ्लक्समध्ये बुडवा आणि चार-पाच मिलिमीटर भाग त्या थेंबात दोन-तीन सेकंद ठेवा. धूर येईल, थर जळेल, आणि तार टोकाकडून चंदेरी होत जाईल. चंदेरी झाली म्हणजे सोल्डर धरली. धूर वाईट असतो, खिडकी उघडी ठेवा आणि छोटा पंखा धूर तुमच्यापासून दूर नेईल असा लावा. लायटरने जाळायची पद्धतही चालते, पण तार ठिसूळ होते. शक्यतो टाळा.

तारांमध्ये एक धागाही असतो. तो फालतू नसतो, ओढ तोच सोसतो. नायलॉनचा असेल तर सोल्डरच्या उष्णतेने वितळून तारेवर काळं चिकट बसतं, म्हणून तारा त्याच्यापासून आधी वेगळ्या करा. सोल्डरिंग झालं की धागा पिनेच्या मागच्या पकडीत दाबा.

तार हिरवट-काळी निघाली तर सोल्डर धरणार नाही. घाम आणि ओल इनॅमलखाली शिरून तांबं गंजवते. खानापूर, जांबोटीकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या हेडफोनांत हे हमखास दिसतं. लालसर चकाकणारं तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. दहा सेंटिमीटर गेले तरी काळंच असेल तर ती वायर संपली, पूर्ण नवी घाला.

पिन जोडण्याआधी टोपण आणि स्लीव्ह वायरवर ओवून ठेवा. हे विसरलं की झालेलं सोल्डरिंग पुन्हा उकलावं लागतं. बहुतेक हेडफोनांत लाल तार उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांबूस कॉमन. रंगांवर विसंबू नका, मीटरने खात्री करा. दोन कॉमन असतील तर पीळ देऊन एक करा. तीन भागांच्या पिनेच्या मागे दोन आखूड पत्त्या आणि एक लांब असते. लांब ती कॉमन. आखूडपैकी टोकाची कुठली ते मल्टीमीटरच्या कंटिन्युइटीवर बीप ऐकून ठरवा. पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून मगच आयर्न लावा. सॉकेट तिला सरळ धरतं आणि उष्णता ओढून घेतं, नाहीतर आतली प्लॅस्टिकची रिंग मऊ होऊन पिन वाकडी बसते. आखूड पत्त्या आधी, लांब शेवटी. प्रत्येकीला दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही.

बिघाड कपात असेल तर पॅड काढा. खाली बहुधा छोटे स्टार स्क्रू असतात. ते डबीत टाका, नाहीतर मॅग्नेट त्यांना पडद्यावर ओढून घेतो. स्पीकरच्या मागे दोन सोल्डरचे ठिपके दिसतील, त्यांवर मीटर लावा. ३२ आले तर स्पीकर जिवंत. त्याच ठिपक्यांवर कॉइलची तार येते, केसाहूनही बारीक. ठिपका पूर्ण वितळवला की ती सुटते आणि स्पीकर कायमचा जातो. म्हणून नव्या वायरीला आधीच सोल्डर चढवा, ठिपक्याच्या बाहेरच्या कडेला टेकवा, दोन सेकंदात आयर्न उचला. कपाच्या भिंतीच्या आत वायरीला एक गाठ मारा, म्हणजे ओढ गाठीवर येईल, ठिपक्यावर नाही.

वायर एकाच कपात शिरत असेल आणि दुसरा कान बंद असेल तर डोक्यावरच्या पट्टीतली तार सरकत्या भागात तुटलेली असते. नवी तार पट्टी पूर्ण लांब करूनच मापा. आखूड पट्टीवर मापलेली तार पहिल्याच ताणात तुटते.

एका स्पीकरच्या दोन तारा उलट्या लागल्या तर दोन्ही कान वाजतात, पण खर्ज पातळ होतो आणि बोलणाऱ्याचा आवाज डोक्याच्या मधोमध न येता दोन्हीकडे फाकतो. मोनो बातम्या लावल्या की लगेच कळतं. एका कानाच्या दोन तारा आपसात बदला.

स्लीव्ह आकसवायला लायटरची ज्योत दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवून हलवत राहा. नंतर टोपण न लावता पुन्हा ते तीन आकडे घ्या. घेताना वायर पिनेजवळ चारही बाजूंना वाकवा. आकडा जागचा हलला नाही तर टोपण घट्ट फिरवा. सोल्डरमध्ये शिसं असतं, हात साबणाने धुऊनच चहाला बसा.