एका शब्दाची दुरुस्ती आणि तिची कसून तपासणी

पुण्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी संगणकाची बाजू सांभाळते. आमचं काम क्षयरोगाच्या जंतूंवर चालतं. रुग्णांच्या नमुन्यांतून वाढवलेल्या जंतूंचा डीएनए सिक्वेन्सरमधून जातो आणि आमच्या हाती दीडशे-दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे पडतात. त्यांना आम्ही रीड म्हणतो. जंतूच्या संपूर्ण जीनोमवर प्रत्येक रीड नेमका कुठे बसतो हे शोधणं म्हणजे अलाइनमेंट. हे झाल्याशिवाय औषधाला दाद न देणारा बदल जनुकात आहे की नाही, हे सांगताच येत नाही. आमच्याकडे हे काम बीडब्ल्यूए नावाचा प्रोग्रॅम करतो.

आमच्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचे निम्मे नमुने अलाइन करून झाले होते, तेवढ्यात तिचा जुना पीसी कायमचा बंद पडला. डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर होता म्हणून वाचला. नवीन पीसी आला, त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली. तिची आढावा बैठक तोंडावर आलेली आणि उरलेले नमुने त्याच आवृत्तीने, म्हणजे ०.७.१७ ने, अलाइन करायचे होते. अर्धे नमुने एका आवृत्तीने आणि अर्धे दुसरीने, असं प्रबंधात चालत नाही.

उबुंटूमधून हा प्रोग्रॅम एका ओळीत बसवता येतो. पण त्यासाठी सूडोचा, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराचा, पासवर्ड लागतो, तो संगणक कक्षाकडे, आणि त्या दिवशी कक्षाला सुट्टी. कोंडा या प्रोग्रॅम बसवायच्या दुसऱ्या साधनाला पासवर्ड लागत नाही, पण त्याचा पसारा शेकडो एमबीचा, आणि नेट होतं फक्त तिच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. बीडब्ल्यूएचा सोर्स कोड मात्र एका एमबीच्याही आत मावतो. सोर्स कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर जीसीसी आणि ते काम ओळीने करून घेणारं मेक मशिनवर होतेच.

"मॅडम, सोर्समधून करूया का?" तिने विचारलं.

"करूया. तू टाइप कर, मी शेजारी बसते."

पहिली अडचण अपेक्षित होती. झेडलिब.एच ही फाइल सापडत नाही, असं म्हणून मेक थांबलं. रीड ज्यांत असतात त्या फास्टक्यू फाइल्स जीझिप करून दाबलेल्या असतात आणि त्या वाचायला झेडलिब लायब्ररी लागते. लायब्ररी उबुंटूवर असते, पण प्रोग्रॅम कंपाइल करायला लागणारी हेडर फाइल वेगळ्या पॅकेजात येते आणि ते पॅकेज बसवायलाही पुन्हा सूडोच. मग झेडलिबचाही सोर्स उतरवला आणि प्रीफिक्स म्हणून तिच्या होम फोल्डरमधली जागा देऊन तिथे बांधून घेतला. चाचणी चालवल्यावर तीन तारकांमध्ये 'झेडलिब टेस्ट ओके' अशी ओळ येते. ती आल्यावरच पुढे गेलो. बीडब्ल्यूएच्या मेकला हेडर कुठे आहे आणि लायब्ररी कुठे आहे, हे दोन्ही रस्ते सांगावे लागतात. नुसता हेडरचा सांगितला तर कंपाइल होतं आणि शेवटी कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर अडतो.

आणि लिंकर अडलाच, पण वेगळ्या कारणाने. सगळ्या फाइल्स कंपाइल झाल्या होत्या. अगदी शेवटच्या पायरीला स्क्रीनवर 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ आरएलई_ऑक्सटॅब' अशा ओळी आल्या, आणि प्रत्येकीपुढे 'फर्स्ट डिफाइन्ड हिअर' म्हणून बीडब्ल्यूटीइंडेक्स या फाइलचा पत्ता.

ती पटकन म्हणाली, "कोडच बिघडलाय. जुन्या मशिनवर तर हाच कोड एका फटक्यात झाला होता."

हे मला महत्त्वाचं वाटलं. कोड २०१७ च्या ऑक्टोबरमधला, अक्षरही न बदललेला. मग बदललं काय? कंपायलर. जुन्या पीसीवर उबुंटू २०.०४ होतं, त्यात जीसीसी ९. नव्यावर जीसीसी ११. मधल्या काळात, मे २०२० मध्ये जीसीसी १० आलं आणि त्यात एक मूळ सेटिंग पालटलं.

एररमध्ये फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक दिलेला असतो, तो वाचायचा आणि तिथे जायचं. मुलं एररची पहिली ओळ कॉपी करून इंटरनेटवर शोधायला धावतात, आणि त्यात त्यांचा तोटा होतो असं माझं ठाम मत आहे. त्याप्रमाणे आम्ही आरएलई.एच ही हेडर फाइल उघडली. त्यात आठ घरांच्या एका तक्त्याची घोषणा होती, पण आत किमती नव्हत्या. किमती आरएलई.सी या फाइलमध्ये होत्या. ही हेडर फाइल ज्या ज्या सी फाइलमध्ये ओढली जाते, तिथे तिथे तो तक्ता नव्याने जाहीर होतो. जमिनीच्या एकाच तुकड्याचा तिघांनी आपापल्या नावे सातबारा काढावा, तसं. जुना जीसीसी असे किमती नसलेले तक्ते 'कॉमन' नावाच्या सामाईक विभागात टाकायचा आणि लिंकर ते सगळे मिळून एकच मानायचा. जीसीसी १० पासून ती सवलत काढली. आता प्रत्येक फाइलचा तक्ता स्वतंत्र धरला जातो आणि लिंकर म्हणतो, एका नावाचे इतके तक्ते मी घेणार नाही. सी भाषेच्या नियमाप्रमाणे तो बरोबर आहे. आधीचं वागणं ही सवलत होती, हक्क नव्हता.

यातून बाहेर पडायला दोन वाटा होत्या. मेकला 'एफकॉमन' हा पर्याय देऊन जुनी सवलत परत चालू करायची, किंवा हेडरमधल्या घोषणेच्या आधी 'एक्स्टर्न' हा एक शब्द लिहायचा. एक्स्टर्न म्हणजे, हा तक्ता दुसरीकडे आहे, इथे फक्त त्याची ओळख करून दिली आहे. मी दुसरी वाट निवडली. एफकॉमनने काम झालं असतं, पण ते साऱ्या प्रोग्रॅमला लागू होतं आणि तशीच दुसरी एखादी चूक असेल तर तीही झाकली जाते. तिने तो शब्द लिहिला, मेक क्लीन केलं, मेक केलं. मिनिटभरात बीडब्ल्यूए तयार.

तिने लगेच नमुना लावायला घेतला. मी म्हटलं, "थांब गं. आधी हे बघू, की आपण ज्याला हात लावला तो भाग चालतो कधी?"

त्या तक्त्याचं काम रन-लेंग्थ पद्धतीचं आहे. एकच अक्षर लागोपाठ आलं की ते एकदा लिहायचं आणि किती वेळा आलं तो आकडा जोडायचा. आता बीडब्ल्यूए रीड जीनोमवर बसवतो कसा? स्मिथ आणि वॉटरमन यांची १९८१ ची पद्धत सरळ वापरली तर दीडशे अक्षरांचा एक रीड ४४ लाख ११ हजार अक्षरांच्या जीनोमशी ताडायला ६६ कोटी घरांचा तक्ता भरावा लागतो. हे एका रीडचं, आणि आमच्याकडे एका नमुन्यात लाखो रीड. म्हणून बीडब्ल्यूए आधी जीनोमचा इंडेक्स, म्हणजे शोधसूची, बनवतो. बरोज आणि व्हीलर यांनी १९९४ मध्ये डेटा दाबून लहान करण्यासाठी अक्षरांची एक विशिष्ट फेरमांडणी मांडली होती, तिच्यावर हा इंडेक्स उभा आहे. हेंग ली आणि रिचर्ड डर्बिन यांनी २००९ मध्ये तिच्या आधारे हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. फेरमांडणी करायच्या तीन रीती त्यात आहेत, आणि आरएलईचा कोड त्यातल्या फक्त एकीत, आरबी२ मध्ये वापरला जातो.

इथे खरी मेख होती. रीत सांगितली नाही तर बीडब्ल्यूए जीनोमच्या लांबीवरून स्वतः ठरवतो. डीएनएचे दोन्ही धागे धरून ५ कोटी अक्षरांपर्यंत एक, त्याहून मोठ्याला दुसरी. आरबी२ तो आपणहून कधीच घेत नाही. म्हणजे नेहमीसारखा इंडेक्स करून "चालतंय की" म्हटलं असतं, तर आम्ही बदललेल्या ओळीची परीक्षा झालीच नसती.

म्हणून एच३७आरव्ही या प्रमाण जीनोमचा इंडेक्स दोनदा बनवला, एकदा नेहमीच्या रीतीने आणि एकदा आरबी२ मुद्दाम सांगून, वेगळ्या नावाने. एका मजकुराची बरोज-व्हीलर मांडणी एकच असते, ती कुठल्या रस्त्याने काढली याने फरक पडायला नको. दोन्ही फाइल्स सीएमपी या फाइल्स ताडून पाहणाऱ्या कमांडला दिल्या. सीएमपी काहीच बोललं नाही, म्हणजे बाइटचाही फरक नाही. तिचा चेहरा तेव्हा खुलला.

मग जुना, आधीच झालेला एक नमुना नव्या प्रोग्रॅमने पुन्हा अलाइन केला. मध्ये अलाइनमेंटच्या फाइल्स हाताळणारं सॅमटूल्सही सोर्समधूनच करून घेतलं. कर्सेस, बीझेड२, एलझेडएमए आणि लिबकर्ल या लायब्ररी बंद ठेवून ते निमूट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. जुन्या आणि नव्या निकालाच्या शीर्षकाच्या ओळी वगळल्या (त्यांत कमांड लिहिलेली असते, ती वेगळी असणारच), उरलेल्या ओळी क्रमाने लावल्या आणि दोन्हींचा एमडी५, म्हणजे मजकुराच्या ठशासारखा आकडा, काढला.

जुळला नाही.

दोघी काही वेळ गप्प होतो. फरक काढून पाहिला तर लाखो ओळींत थोड्याच ओळी वेगळ्या, आणि त्याही बहुतेक पीई-पीपीई जनुकांच्या टापूत. ही जनुकं क्षयाच्या जंतूचं खास वैशिष्ट्य. एकमेकांसारख्या पुनरावृत्तीच्या जागा तिथे इतक्या, की रीड इथे बसवावा की तिथे याचा निकाल त्याच्या जोडीदार रीडच्या, म्हणजे त्याच डीएनए तुकड्याच्या दुसऱ्या टोकाच्या रीडच्या, अंतरावरून लागतो. अंतराचा अंदाज बीडब्ल्यूए रीडच्या एकेका गठ्ठ्यावरून बांधतो. आणि गठ्ठा केवढा? थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे भाग, जितके, तितका मोठा. जुन्या मशिनवर चार थ्रेड होते. नव्याला आठ कोअर, म्हणून कमांडमध्ये आठ लिहिलेले. गठ्ठे बदलले, अंदाज किंचित सरकले, आणि काठावरचे रीड इकडचे तिकडे झाले.

पुन्हा चार थ्रेडवर चालवलं. एमडी५ अक्षरन् अक्षर जुळला. गठ्ठ्याचा आकार हाताने पक्का करायचा पर्याय बीडब्ल्यूएमध्ये आहे, आणि नवं काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाने तो पहिल्या नमुन्यापासून वापरावा असं मी आता सगळ्यांना सांगते. तिचे निम्मे नमुने चारवर झालेले, म्हणून उरलेलेही चारवर.

संध्याकाळी नवे नमुने लागले. आम्ही आरपीओबी जनुकाचा ४५० वा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा गट, आधी पाहतो, जुन्या शोधनिबंधांत तोच ५३१ क्रमांकाने येतो. तिथे टीसीजीचं टीटीजी झालं की सेरीन या अमिनो आम्लाच्या जागी ल्युसीन येतं आणि जंतू रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाला जुमानत नाही. जीनोमवर ही जागा ७,६१,१५५. सॅमटूल्सच्या एमपाइलअपने त्या एका जागेचे सगळे रीड एका ओळीत दिसतात. प्रमाण जीनोमशी जुळणारा रीड सरळ धाग्यावरचा असेल तर टिंब, उलट्या धाग्यावरचा असेल तर स्वल्पविराम, आणि बदल असेल तर मोठा किंवा लहान टी. पहिल्या नमुन्यात सगळी टिंबं आणि स्वल्पविराम. दुसऱ्यात सगळे टी. तिसऱ्यात मात्र टिंबं, स्वल्पविराम, मध्ये टी, परत टिंबं, दोन लहान टी. साधारण तिसरा हिस्सा रीड बदललेले आणि बाकीचे मूळचे.

"मॅडम, हे आपण कोड बदलला त्यामुळे तर नाही ना?"

दिवसभर जे केलं ते याच प्रश्नासाठी होतं. बदललेला कोड या इंडेक्सच्या वाटेत येतच नाही. ज्या वाटेत येतो तिथेही बाइटन् बाइट जुळलेला. जुना नमुना तंतोतंत परत मिळालेला. ही जागा पुनरावृत्तीच्या टापूतही नाही, आणि टी दोन्ही धाग्यांवर आहेत. म्हणजे मिश्रण नमुन्यातच होतं. आता ते एका रुग्णात दोन्ही प्रकारचे जंतू असल्यामुळे, की काम करताना दोन नमुने एकमेकांत मिसळल्यामुळे, हे संगणक सांगू शकत नाही. तिने त्याच रात्री मार्गदर्शकांना एमपाइलअपच्या ओळीसकट कळवलं आणि साठवलेल्या कल्चरमधून पुन्हा डीएनए काढायची विनंती केली. दुसऱ्या वेळच्या सिक्वेन्सिंगमध्येही ते मिश्रण जवळपास त्याच प्रमाणात आलं. नमुना मग औषध-संवेदनशीलतेच्या चाचणीसाठी पुढे गेला.

२०२४ मध्ये बीडब्ल्यूएची ०.७.१८ आवृत्ती आली. तिच्या आरएलई.एचमध्ये तोच एक्स्टर्न आहे. ती घेऊ का, असं तिने विचारलं होतं. प्रबंध होईपर्यंत घ्यायची नाही असं ठरलं. तिच्या कार्यपद्धतीच्या प्रकरणात आता बीडब्ल्यूएची आवृत्ती, जीसीसीची आवृत्ती, हेडरमधला बदल आणि थ्रेड चार, हे सगळं नोंदलेलं आहे.