तापमान आधी उतरलं की ड्रायर आधी बंद झाला?

औषधांच्या कारखान्यात मी क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता हमी विभागात आहे. उत्पादनात काही बिनसलं की शॉप फ्लोअरवरून इंग्रजीत डेव्हिएशन रिपोर्ट येतो, तो तपासून पुढे पाठवणं हे माझं काम. आमचा माल अमेरिकेला जातो, त्यामुळे एफडीएचे, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेचे इन्स्पेक्टर हे कागद कधीही मागू शकतात. त्यांच्या २१ सीएफआर २११.१९२ या नियमानुसार बॅचमध्ये खुलासा न झालेली तफावत दिसली, तर तिची कसून चौकशी करून निष्कर्ष लेखी ठेवावा लागतो. चौकशी आमच्याकडे बरी होते. गडबड होते ती लिहिताना.

त्या दिवशीच्या रिपोर्टचा सगळा गाभा एका वाक्यात होता: ‘इनलेट टेम्परेचर ड्रॉप्ड, द ऑपरेटर स्टॉप्ड द ड्रायर, एलओडी वॉज हाय, द बॅच वॉज ड्राइड अगेन, हाउएव्हर एलओडी वॉज विदिन लिमिट.’ इनलेट टेम्परेचर म्हणजे ड्रायरमध्ये शिरणाऱ्या गरम हवेचं तापमान. एलओडी म्हणजे ग्रॅन्युल्समध्ये, ज्यांच्या गोळ्या बनतात त्या दाण्यांमध्ये, उरलेला ओलावा. तो जास्त राहिला तर पुढे गोळ्या दाबताना माल पंचला, म्हणजे दाबणाऱ्या ठशाला चिकटतो.

माझी ज्युनिअर नवीन, हुशार, इंग्रजी माध्यमातली. “मॅडम, सगळे कॉमा स्प्लाइस आहेत,” म्हणाली (म्हणजे पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमानं जोडण्याची चूक) आणि पाच मिनिटांत दुरुस्त करून घेऊन आली. पहिलं वाक्य असं झालं होतं: ‘इनलेट टेम्परेचर ड्रॉप्ड बिकॉज द ऑपरेटर स्टॉप्ड द ड्रायर.’ व्याकरणाला बोट ठेवायला जागा नाही. फक्त त्या एका ‘बिकॉज’नं ऑपरेटर दोषी ठरला होता. खाली उपाय म्हणून ‘ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग’ असंही ओघानंच आलं होतं.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“वाक्यावरून तसंच वाटतं ना?”

वाटतं खरं. आणि उलटंही तितकंच वाटतं. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमानं जोडली की त्यांचं नातं काय, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. फुलस्टॉप, सेमीकोलन, ‘सो’, ‘बट’, ‘बिकॉज’, सगळे उपाय पुस्तकात शेजारी शेजारी असतात, जणू कुठलाही उचलावा. नियमाला सगळेच चालतात, पण घडलेल्या गोष्टीशी त्यातला एखादाच जुळतो.

गाऊनिंग करून, म्हणजे संरक्षक कपडे चढवून, दोघी ग्रॅन्युलेशनला, दाणे बनवतात त्या विभागात गेलो. ऑपरेटर काका वीसेक वर्षांचे जुने. “मॅडम, वाफच कमी पडली. हवा तापेना, म्हणून मी ड्रायर बंद केला आणि सुपरवायझरला फोन लावला.” शब्दावर विसंबून चालत नाही, म्हणून प्रिंटआउट काढला. तापमान २:४० पासून उतरत होतं, ड्रायर बंद झाला २:५२ ला. बॉयलरच्या लॉगशीटवरही त्याच वेळी वाफेचा दाब पडलेला होता. म्हणजे ‘बिकॉज’ नव्हे, ‘सो’. काकांनी करायला हवं तेच केलं होतं.

परत आल्यावर सुपरवायझरची मूळ नोंद पाहिली, तर तिथे कॉमासुद्धा नव्हता: ‘द ऑपरेटर स्टॉप्ड द ड्रायर अ‍ॅट २:५२ द बॅच वॉज केप्ट ऑन होल्ड.’ २:५२ ला ड्रायर बंद केला, की बॅच होल्डवर ठेवली? सुपरवायझरला दोष देववत नाही. ‘वाफ कमी झाली, मी ड्रायर बंद केला’ हे मराठीत बिनदिक्कत चालतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येऊन वाक्याला कुलूप लावतं. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं, मागे वेळ-स्थळ लोंबकळत राहतं आणि पुढच्या वाक्याला जाऊन चिकटतं.

‘हाउएव्हर’ची गंमत निराळी. ज्युनिअरनं त्याच्या आधी सेमीकोलन, नंतर कॉमा दिला होता, अगदी नियमाप्रमाणे. ‘हाउएव्हर’ला ‘बट’सारखं जोडकाम जमत नाही हे तिला ठाऊक होतं. पण बॅच पुन्हा वाळवली आणि ओलावा मर्यादेत आला, यात विरोध कसला? आमच्याकडे वाक्य भारदस्त करायला हा शब्द घालतात. तो काढूनच टाकला.

दुसऱ्या पानावरचं एक चाळीसेक शब्दांचं वाक्य मात्र तिनं ‘रन-ऑन’ (नीट न जोडता एकामागे एक ढकललेली वाक्यं) म्हणून विनाकारण तोडलं होतं. ते मी पुन्हा जोडलं. लांबीचा आणि रन-ऑनचा काही संबंध नाही. ‘इट रेन्ड वी स्टेड’ हे चार शब्दही रन-ऑनच आहेत.

दुपारी क्यूए हेडनी विचारलं, “चार ओळींना अर्धा दिवस?” मी प्रिंटआउट आणि लॉगशीट समोर ठेवली. त्यांनी ट्रेनिंगवर काट मारून तिथे वाफेच्या लाइनवर कमी दाबाचा अलार्म बसवायचं लिहिलं आणि बॉयलरवाल्यांना बोलावणं धाडलं. ज्युनिअर आता ड्राफ्ट देते तेव्हा असल्या कॉमांवर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह असतं, आणि शेजारी कुणाला विचारायचं त्याचं नाव.