रिपीटर, टप्पा ३: सेट स्वस्तात मिळाले, पैसे गेले दुसरीकडेच

हौशी रेडिओवाल्यांसाठी रिपीटर उभारतोय: टेकडीवर बसून एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं त्याच वेळी दुसरीवर पुन्हा पाठवणारं यंत्र. त्याला दोन वायरलेस सेट लागतात, एक ऐकायला, एक पाठवायला. सेटचा प्रश्न जुन्या बाजारात मिटला. रविवारी पुण्यात मंगळवार पेठेत तासभर उकिडवं बसून मोटोरोलाचे दोन जीएम-३०० (गाडीत बसवायचे, म्हणजे मोबाइल सेट) निवडले. टॅक्सीतून काढलेले असावेत. माइक नाहीत, एकाच्या डिस्प्लेवर कुणीतरी स्टिकर खरवडलेलं. पण मागचा १६ पिनांचा सॉकेट शाबूत. पीटीटी (बोलताना दाबायचं बटण), ऑडिओ, स्क्वेल्च उघडल्याचा म्हणजे कुणीतरी बोलतंय हे सांगणारा सिग्नल, सगळं तिथेच मिळतं, सेटच्या पोटात सोल्डरिंग गन घालावी लागत नाही. घेताना लेबल मात्र वाचाच. व्हीएचएफमध्ये १३६ ते १६२ आणि १४६ ते १७४ मेगाहर्ट्झ असे दोन प्रकार येतात, आणि आपला हौशींचा २ मीटर बँड (तरंगलांबीवरून पडलेलं नाव) १४४ ते १४६. ढिगात एक चकाचक सेट दिसला, तो दुसऱ्या प्रकारचा निघाला. परत ठेवला. प्रोग्रॅमिंग डॉसवर चालतं, म्हणून माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली आला.

दोन चिनी हँडी (हातात धरायचे वॉकीटॉकी) जोडून काम भागणार नाही का, असं बरेच जण विचारतात. टेबलावर भागतं. टेकडीवर नाही. त्यांच्या रिसीव्हरचं दार सताड उघडं असतं, नको ते सिग्नलही आत शिरतात, शेजारी दणकट ट्रान्समीटर असला की बहिरे होतात. शिवाय कुणी दहा मिनिटं गप्पा मारल्या की हँडी तापते. मोबाइल सेट पूर्ण ताकदीऐवजी १० वॉटवर ठेवायचा आणि हीटसिंकवर तपकीर गल्लीतला १२ व्होल्टचा पंखा बसवायचा, हा माझा हिशोब.

खरा खर्च पुढे आहे. ट्रान्समिट आणि रिसीव्हमध्ये अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ, आणि पाठवलेलं ऐकण्यात घुसू नये म्हणून मध्ये साधारण ८० डीबी (डेसिबल) आयसोलेशन, म्हणजे अटकाव, तरी हवा. दोन अँटेना एकावर एक, १० मीटर अंतराने लावल्या तर ५५ डीबीच्या आसपास मिळतात. तेवढ्याच अंतरावर आडव्या लावल्या तर ३५. म्हणजे डुप्लेक्सर लागणारच: एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर. यूएचएफचा (व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्याचा) चपटा, स्वस्त डुप्लेक्सर मोह घालतो, पण तो बहुधा ५ मेगाहर्ट्झ अंतरासाठी असतो आणि आपल्याकडचा बँड ४३४ ते ४३८, अख्खा ४ मेगाहर्ट्झचा! म्हणून व्हीएचएफच्या, अर्धा मीटर उंचीच्या कॅव्हिटी, म्हणजे एकेक फ्रिक्वेन्सी गाळणारे धातूचे डबे. एका ज्येष्ठ हॅम (हौशी रेडिओवाले) काकांकडे चार पडून होत्या. "नेतोस तर ने, पण दोरीने बांधून ने," म्हणाले. स्कूटरवरून आणताना त्याचा अर्थ कळला.

ट्यूनिंग नॅनोव्हीएनए या खिशात मावणाऱ्या मापनयंत्रावर केलं. ७० डीबीच्या खाली त्याला नुसता नॉइज दिसतो, म्हणून एकेक कॅव्हिटी सुटी जुळवली आणि मग जोडली.

शेवटी परीक्षा: बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, सिग्नल बाहेर न सोडणारा रेझिस्टर) लावलेली हँडी ठेवली, झाकण इतकं सरकवलं की रिसीव्हरवर खरखरीतून जेमतेम आवाज यावा. मग ट्रान्समीटर चालू. आवाज गायब, वर तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज. दोन दिवस सेटला दोष दिला. निघाली केबल. कमी लॉस म्हणून हौसेने आणलेली, आत ॲल्युमिनियम फॉइल आणि वर टिन केलेल्या तांब्याची जाळी. एकाच केबलमधून पाठवायचं आणि ऐकायचंही असलं, की दोन धातूंच्या त्या स्पर्शातून नॉइज निघतो. केबल हाताने हलवली की तडतड बदलायची. घरातला आरजी-२१३ केबलचा (नुसत्या तांब्याची जाळी) तुकडा लावला आणि डब्यातला आवाज जागेवर राहिला. डुप्लेक्सर ते सेट या जोडण्यांना आता चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या दुहेरी जाळीची आरजी-४०० घेणार. दीड मीटरच लागेल, पण मीटरचा भाव ऐकून दुकानदाराला दोनदा विचारलं.

रिपीटरच्या लायसन्सचे कागद क्लबकडे आहेत. ते हातात येईपर्यंत सगळं डमी लोडवर. या शनिवारी पॉवर सप्लाय बघतो, एसएमपीएसची (स्विचिंग प्रकारच्या सप्लायची) भुणभुण ऑडिओत येते आहे.