आज दिवसभर ‘मॅनिफेस्टो’

सुट्टी होती आणि पाऊस हटत नव्हता. रॉक्सी म्युझिकचा ‘मॅनिफेस्टो’ लावला आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून ऐकला.

१९७५च्या ‘सायरन’नंतर हा इंग्लिश बँड थांबला होता. १९७९ मध्ये याच अल्बमने तो परत आला. मला त्यांचा १९७२चा पहिला अल्बम जवळजवळ पाठ आहे. ब्रायन ईनोच्या सिंथेसायझरचे ते विचित्र आवाज, अँडी मॅकेचा ओबो (सनईसारखं फुंकवाद्य), एकाच गाण्यात चार गाणी कोंबल्यासारखी धांदल! ईनो १९७३ मध्ये बाहेर पडला. ते सगळं कानात असताना ‘मॅनिफेस्टो’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खरंच नाराज झालो होतो. फार गुळगुळीत वाटला होता.

आज तसं नाही वाटलं. पहिल्या गाण्यात ब्रायन फेरी गायला लागेपर्यंत बराच वेळ नुसती वाद्यं दाटत जातात, पाऊस यायच्या आधी आभाळ भरून यावं तशी. आणि ‘डान्स अवे’! ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं हे गाणं. ठेका नाचायचा, पण आत प्रेमभंग. फेरी कुठेही आवाज चढवत नाही, म्हणूनच ते जास्त लागतं. ही तडजोड नाही, वयानुसार आलेला संयम आहे, असं मला आता मनापासून वाटतं. त्यांच्या १९८२च्या ‘अ‍ॅव्हलॉन’ अल्बमची वाट इथूनच सुरू होते.

मुखपृष्ठावरच्या पार्टीतली माणसं म्हणजे दुकानातले पुतळे आहेत. इतकी वर्षं हा अल्बम जवळ आहे, आज प्रथमच नीट पाहिलं.