बेवारस जमिनीवरची श्रद्धा

शहरातल्या बेवारस जमिनीवर बी पेरणारा माणूस मला देवभोळा नव्हे, तर खऱ्या अर्थाने श्रद्धाळू वाटतो. कारण जमीन त्याच्या नावावर नसते, पीक हाती येईपर्यंत ती त्याच्याकडे राहील याची हमी कोणी देत नाही, आणि तरीही तो नुसती माती तयार करण्यात वर्षे घालवतो.

ही माती सहजासहजी दाद देत नाही. पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यातला चुना आणि सिमेंट तिला अल्कधर्मी करतात, तर जुन्या रंगांतले आणि एकेकाळच्या पेट्रोलमधले शिसे तिच्या वरच्या थरात दशकानुदशके टिकून राहते. म्हणून माती तपासून घेईपर्यंत पालेभाज्या आणि कंदमुळे टाळावीत. श्रद्धेला प्रयोगशाळेचे वावडे असण्याचे कारण नाही.

मी सुरुवात तागापासून करतो, म्हणजे मातीतच गाडून तिचे खत करायच्या हिरवळीच्या पिकापासून. तो फुलोऱ्यावर येताना एखादे रोप हलक्या हाताने उपटले, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात, आणि नखाने फोडलेली गाठ आतून गुलाबी निघाली की हवेतला नत्र स्थिर करणारे जिवाणू कामाला लागले आहेत, असे खुशाल समजावे. बाकीचा ताग तिथेच गाडायचा.

न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचऱ्याने भरलेला एक रिकामा भूखंड साफ करून बाग फुलवली, आणि ती टिकली. सगळ्याच बागांच्या नशिबी हे नसते. अनेकींच्या जागी पुढे इमारती उभ्या राहतात. म्हणून मी दर हंगामात बियाणे वेगळे काढून ठेवतो, झेंडूचे जरा जास्तच.